अदृश्य वर्गाचे गुरुजी : सर वॉलफर्ड डेव्हिस

१९२४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस, शुक्रवारी, लंडनमध्ये एक विलक्षण वर्ग भरला. वर्गात विद्यार्थी एकही नव्हता. प्रतिध्वनी उठू नये म्हणून जाड पडद्यांनी मढविलेली खोली, एक पियानो, एक मायक्रोफोन आणि त्या मायक्रोफोनपुढे चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ, एवढाच काय तो सरंजाम. विद्यार्थी होते ते दूरदूरच्या शाळांतून, रेडिओच्या खरखरणाऱ्या कर्ण्याभोवती दाटी करून बसलेले. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीने लंडनहून शाळांसाठी जे कार्यक्रम सुरू केले त्यांतील हा पहिला पाठ. या पहिल्या मानासाठी गणित, इतिहास किंवा भूगोल यांची निवड न होता संगीताची व्हावी आणि शिकविणारा एखादा शाळामास्तर नसून चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले असा मनुष्य असावा, ही गोष्ट आज थोडी नवलाची वाटते. ते गृहस्थ म्हणजे सर हेन्री वॉलफर्ड डेव्हिस.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत उघडले. त्याच्याही तीन वर्षे आधीची ही हकीकत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रयोगातील धाडस कळते. त्या काळी इंग्लंडातील पुष्कळ जाणत्या लोकांस रेडिओ म्हणजे संगीताचे मरण वाटत होते. घरबसल्या गाणे ऐकू येऊ लागल्यावर तिकीट काढून जलशास कोण येईल, ही व्यवसायातील मंडळींची धास्ती तर उघडच होती. लंडनचे क्वीन्स हॉल हे नामांकित संगीतगृह ज्या चॅपेल कंपनीच्या ताब्यात होते, तिचे प्रमुख विल्यम बूझी हे या नव्या यंत्राचे कट्टर विरोधक होते. परंतु पैशाच्या या भीतीखाली दुसरी एक अधिक खोल शंका होती. जो समाज आजवर देवळात, घरात, कामावर, बरेवाईट कसे का होईना, पण स्वतः गात आला, तो आता खुर्चीत बसून दुसऱ्याचे गाणे नुसते ऐकत राहील. त्याचा कान तयार होईल आणि गळा मुका होईल. या शंकेस शब्दांनी उत्तर देणे कठीण नव्हते. डेव्हिस यांनी ते कृतीने दिले, आणि ती कृती त्यांस सुचली ती त्यांच्या मूळ धंद्यामुळे, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

तो धंदा कसा असतो हे थोडे पाहिले पाहिजे. आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या रंगमंचापुढचा, पायांनी भाता हलवून वाजवायचा ऑर्गन डोळ्यांपुढे उभा राहतो. तो आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. दोहोंतही वारा पितळी पट्टीस कापवितो आणि त्यातून स्वर निघतो. चर्चमधील मोठा ऑर्गन मुख्यतः निराळ्या जातीचा. त्यात बासरीसारख्या नळ्या असतात, शेकड्यांनी आणि कधी हजारांनी. काही करंगळीहून बारीक, तर काही दोन-तीन पुरुष उंचीच्या. कोठीत वारा कोंडून ठेवलेला असतो आणि पट्टी दाबली की तो त्या त्या नळीत शिरतो. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा एकीवर एक मांडलेल्या असतात, आणि खर्जाच्या स्वरांसाठी पायांखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग असते. वादकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी निरनिराळे काम करीत असतात. वीज येण्यापूर्वी भाता हलविण्यास वेगळा माणूस लागे. संगीताच्या इतिहासात त्या बिचाऱ्याचे नाव कोठे येत नाही.

या वादकाची बसण्याची जागा मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तो पुष्कळदा उंच माळ्यावर, लोकांकडे पाठ करून बसलेला असतो. खाली काय चालले आहे ते दिसावे म्हणून समोर एक लहान आरसा लावतात. लोक त्यास पाहत नाहीत आणि तोही लोकांस धडपणे पाहू शकत नाही. तरीही शेकडो माणसांचे गाणे त्यालाच चालवावयाचे असते. स्तोत्रगीत सुरू होण्यापूर्वी तो चालीची पहिली ओळ एकटा वाजवितो. स्वर कोणता धरायचा, लय किती ठेवायची, हे त्या एका ओळीने सर्वांस कळते. मग तो क्षणभर थांबतो, आणि सारी मंडळी उठून गाऊ लागते. न दिसणाऱ्या लोकांस ओळ देणे आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबणे, ही दर रविवारची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे त्यास मायक्रोफोन तितकासा परका वाटत नसावा.

डेव्हिस यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६९ रोजी, वेल्सच्या सीमेलगत असलेल्या ऑस्वेस्ट्री या इंग्लंडातील गावी झाला. वडील हिशेबनीस, पण संगीताचे वेडे, आणि आपल्या पंथाच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदाचे पुढारी. घर माणसांनी भरलेले आणि वाद्यांनीही. बाराव्या वर्षी मुलाचा गळा पाहून त्याची निवड विंडसरच्या राजवाड्यातील सेंट जॉर्ज चॅपेलच्या गायकवृंदात झाली. वयात येताना आवाज फुटला तेव्हा तेथलेच ऑर्गनवादक सर वॉल्टर पॅरट यांच्या हाताखाली तो राहिला. १८९० साली शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला. तेथे पॅरी आणि स्टॅनफर्ड हे त्या पिढीतील दोन थोर अध्यापक त्यास लाभले. पुढे १८९५ पासून काही वर्षे त्याच कॉलेजात त्यांनी स्वतः शिकविलेही.

१८९८ साली डेव्हिस लंडनच्या टेंपल चर्चचे ऑर्गनवादक झाले. त्यांच्या आधीचे हॉपकिन्स हे त्या आसनावर पन्नासांहून अधिक वर्षे बसले होते. हे चर्च वकिलांचे. इनर टेंपल आणि मिडल टेंपल या बॅरिस्टरांच्या दोन संस्थांच्या सामाईक मालकीचे. येथील ऑर्गनची कथा मोठी गमतीची आहे. सतराव्या शतकात नवा ऑर्गन घ्यावयाचा ठरला तेव्हा स्मिथ आणि हॅरिस या दोन कारागिरांनी आपापला ऑर्गन चर्चमध्येच उभा करून दाखविला. पण दोन संस्थांचे एकमत होईना. कोणता ऑर्गन चांगला हा वाद कायदेपंडितांत काही वर्षे चालला आणि १६८८ साली स्मिथचा ऑर्गन कायम झाला. शेवटचा निवाडा जेफ्रीझ या कुप्रसिद्ध न्यायाधीशाने दिला असे सांगतात. त्याच्या निवाड्यांपैकी ज्याबद्दल कोणी शाप दिला नाही असा बहुधा हा एकच असावा.

या चर्चमध्ये डेव्हिस यांनी मुलांचा आणि पुरुषांचा जो गायकवृंद तयार केला त्याची कीर्ती दूरवर गेली. इंग्लंडातील उपासनेत बायबलमधील स्तोत्रे गद्यातच गातात. ओळी लहानमोठ्या, चाल मात्र ठराविक. तेव्हा पुष्कळशी अक्षरे एकाच स्वरावर म्हणत जाऊन शेवटी चाल वळवावी लागते. हे काम ओबडधोबड झाले की शब्दांचे हाल होतात. बोलण्याचा सहज ओघ राखून गाणे हे टेंपलच्या मुलांचे वैशिष्ट्य ठरले. पुढे प्रसिद्धीस आलेला वाद्यवृंदनायक लेओपोल्ड स्टोकोव्स्की हा तरुणपणी येथे डेव्हिस यांचा साहाय्यक होता. डेव्हिस स्वतः रचनाही करीत. १९०४ साली लीड्सच्या संगीतमहोत्सवात गाजलेली त्यांची ‘एव्हरीमन’ ही मोठी रचना काही वर्षे सर्वत्र गाइली जात होती. १९०८ ची ‘सॉलेम मेलडी’ ही लहानशी गंभीर चाल मात्र तिच्याहून दीर्घायुषी ठरली.

पहिल्या महायुद्धाने त्यांस चर्चच्या भिंतींबाहेर ओढले. ज्यांनी कधी शिक्षकापुढे बसून गाणे शिकले नाही अशा शिपायांच्या घोळक्यास सोप्या चालींनी एकत्र गायला लावणे, हे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले. १९१८ साली रॉयल एअर फोर्स हे नवे दल स्थापन झाले तेव्हा मेजरचा हुद्दा देऊन त्यांस त्याच्या संगीताचे प्रमुख नेमण्यात आले. या दलाचे संचलनगीत मुळात त्यांचेच. त्याच्या आजच्या रूपास जॉर्ज डायसन यांचाही हात लागलेला आहे.

१९१९ साली वेल्समधून बोलावणे आले. ॲबरिस्टविथ येथील विश्वविद्यालयीन कॉलेजात संगीताचे प्राध्यापकपद आणि त्याबरोबर साऱ्या वेल्ससाठी नव्याने स्थापलेल्या संगीतमंडळाचे अध्यक्षपद, अशी ती दुहेरी जबाबदारी होती. कोळसा आणि रेल्वे यांत अमाप संपत्ती मिळविलेल्या एका घराण्यातील ग्वेंडोलिन आणि मार्गारेट या दोन भगिनींच्या उदार देणगीमुळे ही योजना शक्य झाली. त्यांचेही आडनाव डेव्हिसच; पण नाते नव्हते. वेल्समध्ये ते आडनाव आपल्याकडच्या कुलकर्णी-पाटलांइतके सर्रास आहे.

वेल्स हा गाणाऱ्यांचा देश. खाणीतले मजूर आणि शेतकरी चार-चार आवाजांच्या समूहरचना बिनचूक गात, आणि तेही पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा न शिकता. जॉन कर्वेन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणलेली टॉनिक सोल-फा पद्धती हे त्याचे साधन होते. तिचे मर्म आपल्या वाचकांस समजावून सांगावे लागणार नाही. आपला षड्ज जसा काळी एक धरा की पांढरी पाच, षड्जच राहतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखले जातात, तसेच तेथे ‘डो’ या स्वराचे आहे. परंतु गळ्याच्या या श्रीमंतीबरोबर वाद्यांचे दारिद्र्य होते. बीथोवेनच्या वाद्यरचना ज्यांनी प्रत्यक्ष ऐकल्या आहेत अशी माणसे खेड्यांतून विरळाच. डेव्हिस यांनी कॉलेजात व्हायोलिन, चेलो, पियानो वाजविणारे उत्तम वादक आणले, साप्ताहिक जलसे सुरू केले आणि त्या वादकांस शाळांतून व खेड्यांतून फिरविले. १९२२ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष बेला बार्तोक या समुद्रकाठच्या लहानशा गावी येऊन आपले संगीत वाजवून गेला. वेल्समधील काही जणांस हे सारे रुचले असे मात्र नाही. आमच्या गाण्यास सुधारावयास हा सीमेपलीकडचा मनुष्य कोण, असा सूर निघालाच. आणि लोकांस चांगले संगीत द्यावयाचे या डेव्हिस यांच्या उत्साहात, लोकांपाशी जे आहे त्याची पुरती किंमत होत नाही, हा आक्षेप अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

याच १९२२ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली आणि दोन वर्षांनी ते मायक्रोफोनपुढे बसले. कंपनीची कचेरी तेव्हा सॅव्हॉय हिल येथे होती. टेंपल चर्चपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर. चर्चवाल्या मंडळींचा या यंत्राविषयीचा संशय तेव्हा ताजा होता. आदल्याच वर्षी ड्यूक ऑफ यॉर्क यांच्या विवाहाचा विधी वेस्टमिन्स्टर ॲबेतून ध्वनिक्षेपित करण्यास तेथील अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली होती. दारूच्या गुत्त्यात लोक डोक्यावरच्या टोप्या न काढता तो पवित्र विधी ऐकतील, ही त्यांची अडचण होती म्हणतात.

डेव्हिस पियानोशी बसून बोलत. चार वाक्ये झाली की हात पट्ट्यांवर जाई, आणि जे शब्दांनी सांगितले तेच स्वरांनी ऐकू येई. व्याख्यात्याचा थाट त्यांत नव्हता. ऐकणारी माणसे हजारो असली तरी ती सभा नव्हे. ती एकेका खोलीत बसलेली दोन-चार माणसे आहेत, हे ज्या थोड्या वक्त्यांस आरंभीच उमगले त्यांत त्यांची गणना होते. परंतु त्यांच्या शिकवणीचा खरा गाभा निराळा होता. ते मुलांस चाली ऐकवीत, तशाच चाली रचावयास लावीत.

ही युक्ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ‘सा रे ग म प’ असे चढत जाऊन पंचमावर थांबलो. कानास लगेच जाणवते की बोलणे अर्धवट राहिले. कोणी प्रश्न विचारून गप्प बसावे तसे. आता वरून फिरत फिरत षड्जावर येऊन टेकलो की उत्तर मिळाल्याचे समाधान होते. उत्तर मात्र एकच असते असे नाही. ‘प म ग रे सा’ असे सरळ उतरता येईल, किंवा धैवतास शिवून, गंधारावर रेंगाळून घरी येता येईल. जात्यावर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवीचा पहिला चरण टाकावा आणि दुसरीने तो पुरा करावा, त्यातलाच हा प्रकार. डेव्हिस असा अर्धा तुकडा वाजवून मुलांस म्हणत की पुढचे तुम्ही करा. शाळाशाळांतून मुलांनी रचलेल्या चाली टपालाने येऊ लागल्या, आणि त्यांतील निवडक चाली ते पुढच्या पाठात वाजवून दाखवू लागले. एखाद्या आडगावच्या शाळेतील दहा वर्षांच्या मुलीने पाटीवर जुळविलेले आठ-दहा स्वर लंडनहून साऱ्या देशाने ऐकावेत, यातील आनंद काय असेल! रेडिओस उत्तर ऐकू येत नाही, ही त्या यंत्राची मोठी उणीव. टपालाच्या थैलीने ती जेवढी भरून निघण्यासारखी होती तेवढी त्यांनी भरून काढली.

सुमारे दहा वर्षे हे शाळापाठ चालू होते. १९२६ पासून प्रौढांसाठी ‘संगीत आणि सामान्य श्रोता’ या नावाची व्याख्यानमाला संध्याकाळी सुरू झाली आणि डेव्हिस यांचा आवाज घरोघर ओळखीचा झाला. ‘सामान्य श्रोता’ हा शब्दप्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्यास स्वरलिपी येत नाही, ज्याने कधी वाद्य हाती धरले नाही, पण ज्यास गाणे ऐकून काहीतरी होते, तो मनुष्य. अशा मनुष्यास बाख-बीथोवेनची रचना आधीच पुरी वाजवून दाखविली तर तो गोंधळतो. तिच्यातील मूळ चार-पाच स्वरांचे बीज प्रथम सुटे करून दोनदा ऐकविले, आणि मग ते कोठे कोठे उगवते ते पाहावयास सांगितले, तर तोच मनुष्य कान टवकारून बसतो. आपल्याकडे रागाची पकड आधी सांगून मग विस्तार दाखविणारा समंजस गवई हेच करतो.

मान आणि पदे आता आपसूक येत गेली. १९२४ पासून ते लंडनच्या ग्रेशम कॉलेजात संगीताचे प्राध्यापक होते. १५९७ पासून नगरवासीयांस खुली व्याख्याने देणारी ही जुनी संस्था. १९२७ मध्ये कंपनीचे रूपांतर कॉर्पोरेशनमध्ये झाले, त्या वर्षी ते तिचे संगीतसल्लागार झाले. आणि क्वीन्स हॉलचे जे उन्हाळी जलसे रेडिओमुळे बुडणार असे भाकीत होते, ते त्याच वर्षी रेडिओनेच चालविण्यास घेतले. त्याच वर्षी डेव्हिस विंडसरला ऑर्गनवादक म्हणून परतले. बारा वर्षांचा मुलगा म्हणून ज्या चॅपेलात ते प्रथम गायिले तेथेच त्यांनी पुढील पाच वर्षे काढली. १९३४ साली एल्गार वारले, तेव्हा राजाचे संगीतप्रमुख हे पद डेव्हिस यांस मिळाले.

या नेमणुकीवर संगीतज्ञांची कुजबूज झाली असल्यास नवल नाही. एल्गारच्या रचना जगभर वाजत होत्या. डेव्हिस यांच्या मोठ्या रचना तोवर मागे पडल्या होत्या आणि ते प्रसिद्ध होते ते मुख्यतः बोलण्यामुळे. त्यांच्या बोलण्यात गोडवा अंमळ जास्त असे, ते श्रोत्यास फार सांभाळून घेत, असे म्हणणारेही होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्याने पॅरी आणि स्टॅनफर्ड यांच्यापाशी रचनाशास्त्र घोटले, ज्याच्या ‘एव्हरीमन’ने चाळिशीच्या आतच देश डोलविला, त्याने पुढची तीस वर्षे सभा, दौरे, परीक्षा आणि पाठ यांत घालविली. तेवढा वेळ एकांतात बसता तर काय हाती लागले असते, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांसही टाळता येत नाही. शिक्षकाचे काम रचनाकाराचा वेळ खाते. ते त्याने समजून-उमजून खाऊ दिले, एवढे मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहता दिसते.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच नभोवाणीची संगीतशाखा लंडन सोडून ब्रिस्टॉलला गेली. सत्तरीचे डेव्हिसही तिच्या मागोमाग जवळच्या रिंगटन या खेड्यात राहावयास गेले. तेथेच ११ मार्च १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मेच्या रात्री, लंडनवर झालेल्या विमानहल्ल्यात टेंपल चर्च पेटले. ज्याच्यासाठी वकील वर्षानुवर्षे भांडले त्या स्मिथच्या ऑर्गनची राख झाली. त्या ऑर्गनचा नाद आज ऐकू येतो तो डेव्हिस यांच्यानंतर तेथे आलेल्या जॉर्ज थॅल्बेन-बॉल यांनी १९२७ साली टेंपलच्या मुलांकडून गाऊन घेतलेल्या मेंडेल्सनच्या एका गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर. तिचा खप अफाट झाला.

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर युद्धात पडलेल्यांचे एक स्मारक आहे. दर वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तेथे राजघराणे, मंत्री आणि जुने सैनिक जमतात. त्या दिवशी लष्करी बँड ज्या ठरलेल्या चाली वाजवितात त्यांत ‘सॉलेम मेलडी’ असते. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या पुष्कळांस ती चाल गुणगुणता येते. ती कोणाची, हे विचारले तर त्यांतील थोड्यांनाच सांगता येईल.